श्रेणीचे व्याकरण : अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षातील मूल्यमापनाची एक चिकित्सा

परीक्षेच्या नियमांचा विचार सामान्यतः शिक्षणशास्त्राच्या किंवा प्रशासनाच्या कक्षेत केला जातो. गुणांची विभागणी कशी असावी, उत्तीर्णतेची मर्यादा कोठे आखावी, उपस्थितीला किती महत्त्व द्यावे, असे प्रश्न अभ्यासमंडळापुढे येतात आणि ठरावाने निकालात निघतात. परंतु या सर्व नियमांच्या अंती जे निष्पन्न होते ते एक चिन्ह असते : एखादा अंक, एखादे अक्षर किंवा अक्षरांची जोडी. हे चिन्ह गुणपत्रकावर छापले जाते आणि ते वाचणारा त्यावरून काही अर्थ काढतो. म्हणजे मूल्यमापनाचे धोरण ही एक चिन्हव्यवस्था आहे. आणि जेथे चिन्हव्यवस्था आहे तेथे तिचे चिन्ह नेमके काय सांगते व कोणाला सांगते, हे दोन प्रश्न भाषाभ्यासकाने विचारणे अप्रस्तुत ठरू नये. प्रस्तुत लेखात अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षातील मूल्यमापनाची या दोन प्रश्नांच्या आधारे चिकित्सा करावयाची आहे. उदाहरण म्हणून ‘अभियांत्रिकी यामिकी’ हा विषय घेतला आहे. विद्यार्थी ज्याला नुसते ‘मेकॅनिक्स’ म्हणतात तो हा विषय पुढे कोणत्याही शाखेकडे जाणाऱ्याला बहुधा पहिल्याच वर्षी पार करावा लागतो.

(१)

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे. ‘गुण’ या शब्दाचा मूळचा मराठी अर्थ वस्तूच्या अथवा व्यक्तीच्या ठिकाणी असलेला धर्म असा आहे. ‘त्याच्या अंगी गुण आहेत’ या वाक्यात गुण हे व्यक्तीच्या ठायी वसतात. परीक्षेचा संदर्भ येताच क्रियापद पालटते. परीक्षेतले गुण ‘मिळतात’. बोलीतले मार्क तर ‘पडतात’, ‘पाडले जातात’, ‘दिले जातात’, ‘कापले जातात’. ‘त्याच्या अंगी सत्तर मार्क आहेत’ असे कोणी म्हणत नाही. भाषेने येथे एक भेद सहजपणे राखला आहे. अंगचा गुण ही व्यक्तीविषयीची माहिती, तर परीक्षेतला गुण हा दोन पक्षांमधला व्यवहार.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बोली आणखी एक पाऊल पुढे गेली आहे. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी ‘मी नापास झालो’ असे क्वचितच म्हणतो. ‘माझा मेकॅनिक्स राहिला’ असे म्हणतो. अनुत्तीर्ण विषयांसह पुढील वर्गात जाण्याची जी मुभा ‘एटीकेटी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते, तिचेही ‘केटी लागली’ आणि ‘केटी निघाली’ असे दोन प्रयोग रूढ आहेत. या वाक्यांत कर्त्याच्या जागी विद्यार्थी नाही, विषय आहे. आणि ‘राहणे’ या क्रियापदाने सुचवलेली अवस्था अपूर्णतेची आहे, अपात्रतेची नव्हे. हा केवळ लाज झाकण्याचा प्रयत्न आहे असे मानून हे प्रयोग बाजूला सारणे योग्य होणार नाही. त्यांत मूल्यमापनाविषयीची एक भूमिका दडलेली आहे आणि तिचा विचार लेखाच्या अखेरीस करावा लागेल.

(२)

आता अधिकृत भाषेकडे वळावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास निवडाधारित श्रेयांक पद्धतीसाठी दहा बिंदूंची जी श्रेणीसारणी शिफारस केली, तीत ‘ओ’ला १० श्रेणीबिंदू असून तिचे वर्णन ‘असामान्य’ या आशयाच्या शब्दाने केले आहे. त्यापुढे ‘ए अधिक’ (९) म्हणजे उत्कृष्ट, ‘ए’ (८) म्हणजे फार चांगला, ‘बी अधिक’ (७) म्हणजे चांगला, ‘बी’ (६) म्हणजे सरासरीहून वर, ‘सी’ (५) म्हणजे सरासरी, ‘पी’ (४) म्हणजे उत्तीर्ण, ‘एफ’ (०) म्हणजे अनुत्तीर्ण आणि अखेरीस ‘एबी’ (०) म्हणजे अनुपस्थित, असा क्रम आहे.

ही सारणी वरवर पाहता एका शिडीसारखी दिसते. तिच्या पायऱ्या मात्र एकाच द्रव्याच्या नाहीत. ‘चांगला’ व ‘उत्कृष्ट’ ही विशेषणे कामगिरीची प्रत सांगतात. ‘सरासरी’ आणि ‘सरासरीहून वर’ हे शब्द इतरांशी केलेली तुलना सांगतात. वर्ग डोळ्यांपुढे असल्याशिवाय त्यांना अर्थच नाही. ‘उत्तीर्ण’ हा शब्द ना प्रत सांगतो ना तुलना. तो एक निर्णय सांगतो. आणि ‘अनुपस्थित’ हा तर निव्वळ वृत्तांत आहे. विद्यार्थी त्या दिवशी परीक्षागृहात नव्हता, यापलीकडे त्याच्या ज्ञानाविषयी त्यातून काहीही कळत नाही. तरीही अनुपस्थिताला आणि अनुत्तीर्णाला बिंदू एकच, शून्य. प्रत, तुलना, निर्णय आणि वृत्तांत अशी चार भिन्न जातींची विधाने एका उतरंडीत मांडली गेली आहेत.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. अक्षरे ही स्वभावतः क्रमवाचक होत. ‘बी’च्या वर ‘ए’, एवढेच ती सांगतात. श्रेणीबिंदू जोडले की क्रमवाचकाचे गणनावाचक होते आणि त्यांची श्रेयांकांनुसार सरासरी काढता येते. ‘पहिला’ आणि ‘तिसरा’ यांची बेरीज करून ‘चौथा’ येत नाही, हे शालेय व्याकरणही सांगते. श्रेणीबिंदूंच्या सरासरीत मात्र ही क्रिया दरवर्षी लक्षावधी गुणपत्रकांवर घडते आणि तिचे फलित दोन दशांशस्थळांपर्यंत छापले जाते.

(३)

अक्षरामागे अंक असतात आणि अंकामागे प्रत्यक्ष उत्तरपत्रिका. तेथे काय आढळते हे पाहण्यासाठी मुंबई विद्यापीठाने २०१२-१३ पासून लागू केलेल्या अभियांत्रिकीच्या आराखड्याचे उदाहरण घेता येईल. त्यात लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत चाचण्या २० गुणांच्या होत्या. प्रश्नपत्रिकेत प्रत्येकी २० गुणांचे सहा प्रश्न. त्यांपैकी पहिला अनिवार्य, उरलेल्या पाचांतील कोणतेही तीन. उत्तीर्णतेची मर्यादा ४० टक्के. म्हणजे १२० गुणांचे प्रश्न समोर ठेवले जात, ८० गुणांचे सोडवावयाचे असत आणि ३२ गुण पुरेसे होत. यात उदारता आहे आणि ती प्रथम वर्षाला साजेशीही आहे. प्रश्न उदारतेचा नाही. ३२ हा अंक विद्यार्थ्याला काय येते हे सांगत नाही, हा खरा प्रश्न आहे.

एक साधे गणित घ्यावे. गुळगुळीत भिंतीला टेकवलेली शिडी, खडबडीत जमीन, शिडीवर चढणारा माणूस. शिडी घसरण्यापूर्वी तो कोठवर जाऊ शकेल? एका विद्यार्थ्याने सर्व बले दाखविणारी आकृती, म्हणजे फ्री बॉडी डायग्राम, अचूक काढली, समीकरणे बरोबर मांडली आणि अखेरच्या आकडेमोडीत चूक केली. दुसऱ्याने जमिनीवरील घर्षणाची दिशा भिंतीकडे दाखविण्याऐवजी भिंतीपासून दूर दाखविली. पुढची समीकरणे मात्र पाठ केलेल्या साच्याप्रमाणे नीटनेटकी लिहिली. परीक्षकाने टप्प्याटप्प्याने गुण दिले तर दोघांनाही दहापैकी सहा पडणे सहज शक्य आहे. पहिल्याला विषय समजला आहे, त्याने हात सावध ठेवावयाचा आहे. दुसऱ्याला घर्षण म्हणजे काय हेच कळलेले नाही, आणि हे अज्ञान पुढे यंत्ररचनेपासून मृदायामिकीपर्यंत त्याच्यासोबत जाईल. बेरीज झाली की हा भेद पुसला जातो. बेरजेचे व्याकरणच असे आहे की तीत पदे राहतात, वाक्य राहत नाही.

याच आराखड्यात ‘टर्म वर्क’ या शीर्षकाखाली यामिकीला २५ गुण होते आणि त्यांतील ५ उपस्थितीसाठी राखलेले होते. उपस्थितीला उत्तेजन देण्याचा हेतू स्वच्छ आहे, यात शंका नाही. परंतु चिन्हाच्या दृष्टीने पाहता वर्गात बसणे आणि घर्षणाची दिशा ओळखणे ही दोन विधाने एकाच अंकात विरघळली. गुणपत्रक वाचणाऱ्याला ती पुन्हा वेगळी करता येत नाहीत.

(४)

या निरपेक्ष पद्धतीला पर्याय म्हणून सापेक्ष श्रेणीकडे बोट दाखविले जाते. भारतीय तंत्रज्ञान संस्थांत अक्षरश्रेणीची परंपरा जुनी आहे. मुंबई येथील संस्थेत ‘एए’ (१०), ‘एबी’ (९), ‘बीबी’ (८) अशा जोड्या ‘डीडी’ (४) पर्यंत उतरत जातात. श्रेणींच्या सीमारेषा आधी ठरलेल्या टक्केवारीवर न आखता वर्गातील गुणांची विभागणी पाहून आखण्याची चाल या संस्थांत रूढ आहे. प्रश्नपत्रिका अवघड निघाली म्हणून सबंध वर्ग बुडत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

फर्दिनां द सोस्यूर याच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत चिन्हाचा अर्थ आणि चिन्हाचे मूल्य यांत भेद केला आहे. मूल्य हे व्यवस्थेतील इतर चिन्हांपासून असलेल्या भिन्नतेतून येते. सापेक्ष श्रेणी ही या सिद्धान्ताचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे. तिला मूल्य आहे, पण तिचा अर्थ क्षीण आहे. ‘बीबी’ म्हणजे ‘बीसी’च्या वर आणि ‘एबी’च्या खाली. विद्यार्थ्याला शिडीचे गणित येते की नाही, याविषयी ती मौन पाळते. स्पर्धेतून निवडून आलेल्या मुलांचा वर्ग असेल तर उत्तम जाणणाऱ्यालाही खालची जोडी मिळते. आणि ज्याने बारावीपर्यंत नेहमी पहिला क्रमांक राखला त्याला पहिल्याच सत्रात ‘तू सामान्य आहेस’ असे सांगितले जाते. हे विधान त्या वर्गापुरते खरे असते. ते वाचले मात्र वर्गाबाहेर जाते, आणि तेथे त्याचा संदर्भ हरवतो.

(५)

प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे श्रेणी कोणाला उद्देशून आहे, हा येथे निर्णायक ठरतो. या दृष्टीने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेचा प्रयोग लक्षणीय आहे. १९६८ साली तेथे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी अक्षरश्रेणी थांबवून ‘उत्तीर्ण’ वा ‘अनुत्तीर्ण’ एवढाच निकाल देण्यास प्रारंभ झाला. पुढे ‘अनुत्तीर्ण’ हा शेराही गेला आणि त्याच्या जागी ‘नोंद नाही’ ही तरतूद आली. २००२-०३ पासून ही सवलत पहिल्या सत्रापुरती राहिली. दुसऱ्या सत्रात ‘ए’, ‘बी’, ‘सी’ या श्रेणी नोंदल्या जाऊ लागल्या, त्याखालील कामगिरीची मात्र बाहेरच्या गुणपत्रकावर नोंद होत नाही.

येथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की ‘नोंद नाही’ हे शून्यचिन्ह आहे. पाणिनीय परंपरेला लोपाची कल्पना अपरिचित नाही. जे दिसत नाही तेही व्यवस्थेत आपले कार्य करते. गुणपत्रकावरील रिकामी जागा ‘या विद्यार्थ्याने अद्याप हा विषय पार केलेला नाही’ एवढेच सांगते, अधिक काही सांगत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मूल्यमापन तेथे थांबलेले नाही. पहिल्या सत्रातही अक्षरश्रेणी तयार होते आणि ती विद्यार्थ्याला व त्याच्या मार्गदर्शकाला कळविली जाते. बदलला आहे तो श्रोता. शिकणाऱ्याला सविस्तर सांगावे आणि जगाला केवळ निर्णय कळवावा, अशी ही विभागणी आहे.

(६)

या धोरणावर आक्षेप घेता येतात आणि ते हलके नाहीत. केवळ उत्तीर्ण होणे पुरेसे असेल तर काठावरची तयारी करण्याची वृत्ती बळावेल, हा पहिला. दुसरा आक्षेप खास भारतीय परिस्थितीतला आहे. अनेक तंत्रसंस्थांत प्रथम वर्षाच्या श्रेणींवर शाखाबदल ठरत आला आहे. काही संस्थांनी ही तरतूद अलीकडे मागे घेतली, तरी जेथे ती आहे तेथे बाहेर न दिसणारी श्रेणी चालणार नाही. तिसरा आक्षेप असा की नोकरी देणाऱ्याला माहिती हवी असते आणि ती दडविणे न्याय्य नाही.

पहिल्या आक्षेपाला उत्तर म्हणून उत्तीर्णतेची मर्यादाच अर्थपूर्ण करावी लागेल. १२० पैकी कोठूनही जमविलेल्या ३२ गुणांऐवजी समतोल, घर्षण, गती अशा प्रत्येक प्रकरणातील किमान आकलन आवश्यक ठरविले, तर ‘उत्तीर्ण’ हा शब्द आज सांगतो त्याहून पुष्कळ अधिक सांगू लागेल. अशा परीक्षेला परीक्षकांचा वेळ अधिक लागेल आणि मोठ्या वर्गांत तो मिळणे कठीण आहे, हेही मान्य केले पाहिजे. दुसऱ्या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. जेथे जागा थोड्या आणि इच्छुक फार, तेथे तुलना अटळ आहे. तिच्यासाठी वेगळी परीक्षा व वेगळे चिन्ह असावे, शिकण्याच्या चिन्हावर तिचा भार टाकू नये, एवढेच म्हणता येते. तिसऱ्या आक्षेपाविषयी असे दिसते की नोकरी देणारे आज प्रथम वर्षाची श्रेणी तपशिलाने वाचत नाहीत. सरासरीची एक मर्यादा आणि ‘राहिलेला विषय नसावा’ ही अट, एवढ्यावरच त्यांची पहिली चाळणी होते. सविस्तर माहिती पुरविणारे चिन्ह त्यांना मिळत नाहीच. मिळते ती चार विधानांची सरमिसळ.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी दिली. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांच्या परिभाषेची चर्चा बरीच झाली आहे. मूल्यमापनाच्या परिभाषेची तशी चर्चा होणेही अगत्याचे आहे. इंग्रजी सारणीतील नऊ शब्दांना नऊ मराठी प्रतिशब्द शोधल्याने तिच्यातील गोंधळ दूर होणार नाही. तो शुद्ध मराठीत अवतरेल, इतकेच.

‘उत्तीर्ण’ या शब्दाच्या मुळाशी तरून पलीकडे जाण्याची कल्पना आहे. नदी ओलांडली किंवा ओलांडावयाची राहिली. पासष्ट टक्के ओलांडली असे होत नाही. विद्यार्थ्यांच्या बोलीतील ‘विषय राहिला’ हा प्रयोग नेमका याच कल्पनेशी जुळतो, आणि ‘नोंद नाही’ या परदेशी तरतुदीचाही आशय तोच आहे. प्रास्ताविक अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनाला हे व्याकरण पुरेसे आहे. गुणपत्रकावर विषय उतरला की राहिला एवढे लिहावे. काय राहिले ते विद्यार्थ्याला प्रकरणवार सांगावे. उपस्थितीची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. आणि वर्गातील क्रम प्रथम सत्रात सांगूच नये. एका चिन्हाने एकच विधान करावे, ही अपेक्षा भाषेच्या कोणत्याही व्यवस्थेकडून केली जाते. अठराव्या वर्षी यामिकीचा पहिला पेपर देणाऱ्या विद्यार्थ्याचे भवितव्य जिच्यावर अवलंबून आहे त्या व्यवस्थेकडून ती करणे, अवाजवी म्हणता येणार नाही.