सूची कीं सनद?

शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांची नोंद आहे. पुस्तक कोणीं लिहिलें, केव्हां छापलें, हें ती सांगते. तें चांगलें कीं वाईट, हा निवाडा वाचकाकडेच राहतो. आज निवाडाही सूचीकडूनच मागतात, आणि घोटाळा येथेंच होतो. विद्यापीठ अनुदान आयोगानें आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादींतून २०१८ च्या मे महिन्यांत ४,३०५ नांवें एकदम काढलीं. पुढील 'केअर' यादी बंद केल्याचेंही २०२५ मध्यें जाहीर झालें. अमरावती-अकोल्याच्या एखाद्या प्राध्यापकाचा वऱ्हाडी बोलीवरील निबंध तर होता तोच राहिला. बढतीच्या हिशेबांत मात्र त्याचें मोल यादीबरोबर चढलें नि उतरलें. (तो वाचून पाहण्याची तसदी कोण घेतो?)

स्वीडनच्या लुंड विद्यापीठांत २००३ सालीं निघालेली मुक्त नियतकालिकांची सूची, 'डी. ओ. ए. जे.', आम्हांस अधिक सरळ वाटते. ती नोंदीचें शुल्क घेत नाहीं, कोणतीही भाषा वर्ज्य मानीत नाहीं. संपादक कोण, लेखांचें परीक्षण होतें कीं नाहीं, हें पाहते. मात्र अर्ज नियतकालिकानेंच करावा लागतो. लेख सर्वांस फुकट खुला ठेवला, पण त्याची कोठेंच नोंद नसली, तर शोधणाऱ्यास तो सांपडावा कसा? वऱ्हाडांतील मराठी संपादकांनीं निदान तो अर्ज तरी भरावा.