जिंकलेला घोडा

शहागंजातील घड्याळाच्या मनोऱ्याजवळ एका हातगाडीवर काही महिन्यांपूर्वी आम्हांला जुन्या इंग्रज चित्रांचा एक संग्रह मिळाला. पुठ्ठा निखळलेला होता. पण आतील एका चित्राने आमची पावले तेथेच खिळविली. जॉर्ज स्टब्ज या चित्रकाराचे ते चित्र म्हणजे शर्यत संपल्यावर अंग चोळून घेत असलेला हॅम्बल्टोनियन हा घोडा.

त्यामागील हकिगत अशी. २५ मार्च १७९९ रोजी इंग्लंडमधील न्यूमार्केटच्या माळावर हॅम्बल्टोनियन आणि डायमंड या दोन घोड्यांची शर्यत लागली. अंतर चार मैलांहून अधिक आणि पैज तीन हजार गिनींची. दोन्ही घोड्यांवर चाबूक निर्दयपणे चालला आणि हॅम्बल्टोनियन जेमतेम अर्ध्या मानेने पुढे राहिला. मालक सर हेन्री वेन-टेम्पेस्ट यांनी या विजयाचे चित्र काढण्याचे काम स्टब्जकडे सोपविले. तेव्हा स्टब्ज पंचाहत्तरीच्या घरात होता.

विजयाचे चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? उधळलेली धूळ, ताणलेले पाय, टोप्या उडविणारी गर्दी. फ्रेंच चित्रकार जेरिको याने १८२१ मध्ये एप्सम येथील शर्यत रंगविली, तीत घोडे जणू जमिनीला स्पर्शच करीत नाहीत. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे घोडेही वेगाचे आणि जोमाचेच. स्टब्जने मात्र गर्दी पुसून टाकली. उरले एक ओसाड माळरान, मागे एक लहानशी इमारत, आणि साडेतीन मीटरहून रुंद पटावर पसरलेला एक दमलेला देह. कान मागे पडले आहेत, तोंड उघडे आहे, अंगावरील शिरा तट्ट फुगल्या आहेत. एका बाजूला लगाम धरलेला माणूस. दुसऱ्या बाजूला घोड्याच्या पाठीवर हात टाकून, अंग पुसण्याचे फडके घेतलेला तबेल्यातील पोरगा. दोघेही घोड्याकडे पाहत नाहीत. ते सरळ आपल्याकडे पाहतात. त्या नजरेत आनंद नाही. “पाहा, काय झाले ते,” असेच जणू ते सांगतात.

घोड्याने एकाच बाजूचे दोन्ही पाय उचललेले आहेत. असा घोडा तोल सावरून उभा राहू शकेल काय, अशी शंका जाणकार घेतात. ती रास्त आहे. परंतु ज्या माणसाने तरुणपणी दीड वर्ष मेलेल्या घोड्यांची शरीरे उकलून त्यांचा एकेक स्नायू रेखाटला, आणि १७६६ मध्ये घोड्याच्या शरीररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या हातून ही चूक नकळत झाली असेल असे आम्हांस वाटत नाही. त्या डळमळीत पायांमुळेच घोडा आता कोसळेल की काय, ही धास्ती पाहणाऱ्याला लागून राहते. विजय किती थोडक्यावर उभा होता, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

मालकाने चित्राचे पैसे दिले नाहीत. वृद्ध स्टब्जला न्यायालयात जावे लागले. निकाल त्याच्या बाजूने लागला. आज ते चित्र उत्तर आयर्लंडमधील माउंट स्टुअर्ट येथील वाड्यात आहे. मालकाच्या मनात काय होते ते असो. ज्याला केवळ जिंकल्याची ग्वाही हवी, त्याला हे चित्र दिवाणखान्यात जड जाईल, एवढे आम्हांस कळते.

परवा आमच्या धर्मग्रामातील एका घरी बारावीच्या निकालाचे पेढे खाण्याचा योग आला. गल्लीच्या तोंडाशी शिकवणी वर्गाने लावलेला अभिनंदनाचा फलक होता; त्यावर मुलाचा हसरा फोटो होता. मुलगा मात्र बैठकीत नव्हता. “झोपलाय, फादर,” आई हलक्या आवाजात म्हणाली, “निकाल लागल्यापासून नुसता झोपतोच आहे. आधी वर्षभर झोप कुठं होती त्याला?” वडील मात्र पुढच्या प्रवेश परीक्षेविषयी बोलत होते. आम्हांस त्या फलकापेक्षा आतील बंद दार अधिक खरे वाटले.

स्टब्जने विजय नाकारलेला नाही. घोडा जिंकला आहे, हे त्या भव्य पटावरून कोणालाही कळते. परंतु जिंकणाऱ्याच्या अंगावर त्या विजयाची किंमत कोठे कोठे उमटली आहे, हे त्याने झाकले नाही. आणि घोड्याजवळ उभे कोणाला केले? मालकाला नव्हे, तर हातात फडके असलेल्या पोराला. कौतुकाचे फलक लावणारे पुष्कळ असतात. शर्यत संपल्यावर अंग पुसायला कोण थांबतो, हे पाहण्याची दृष्टी या चित्राने आम्हांस दिली.