वंशवृक्ष आणि हरवलेले आप्त : आयरिश पूर्वजशोधाच्या कथनाची चिकित्सा

१

पूर्वजांचा शोध हा वरकरणी इतिहासाच्या कक्षेतला विषय आहे. चर्चच्या नोंदवह्या, शिरगणतीचे तक्ते, जहाजांवरील उतारूंच्या याद्या ही त्याची साधने. नाव, गाव आणि सन यांची निश्चिती हे त्याचे साध्य. तथापि या साधनांच्या आधारे शोध घेणारा अखेरीस जे सिद्ध करतो ते एक कथन असते. त्याला आरंभबिंदू असतो, नायक असतो, वियोग आणि पुनर्भेट यांची संगती असते. कथन म्हटले की निवड आली, आणि निवडीमागोमाग गाळणेही आले. साहजिकच या कथनाची घडण कशी होते, त्यात काय गाळले जाते, हे प्रश्न वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत येतात.

आयरिश स्थलांतरितांच्या संदर्भात हे प्रश्न विशेष तीव्रतेने उभे राहतात. १८४५ ते १८५२ या काळातील महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि दहा लाखांहून अधिक देशाबाहेर गेली. १८४१ साली सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ साली ६५ लाखांवर आली. दुष्काळ सरल्यावरही ओघ थांबला नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन येथे विखुरलेल्या त्यांच्या वंशजांनी पूर्वजशोधाचा एक वाङ्मयप्रकारच रूढ केला आहे. त्याचे आशयसूत्र बहुतांशी ठरलेले असते : एक कर्तबगार पूर्वज, एक जहाज, एक विस्मृत गाव, आणि तीन-चार पिढ्यांनंतर त्या गावाच्या दफनभूमीत उभा राहिलेला वंशज. या कथनाची दिशा उभी असते. मुलाकडून बापाकडे, बापाकडून आज्याकडे. उलट, स्थलांतरितांनी स्वतः मागे ठेवलेल्या लेखनाची दिशा आडवी आहे. ते भावाकडून बहिणीकडे, मावशीकडून भाचीकडे जाते. या दोन दिशांतील अंतर हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

प्रथम साधनांचा विचार करावा लागतो, कारण आयरिश पूर्वजशोधाची संहिता मुळातच खंडित आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या वास्तूतील सार्वजनिक अभिलेखागार भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ या काळातील चार शिरगणत्यांचे बहुतेक कागद त्यात जळाले. चर्च ऑफ आयर्लंडच्या पॅरिश नोंदवह्यांपैकी निम्म्याहून अधिक नष्ट झाल्या. सारा दोष आगीच्या माथी मारणे मात्र सोयीचे असले तरी खरे नाही. १८६१ आणि १८७१ च्या शिरगणतीचे मूळ तक्ते त्याआधीच सरकारी आदेशाने नष्ट करण्यात आले होते. १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यासाठी गेले. सबंध देशाच्या ज्या जुन्या शिरगणत्या आज पूर्ण हाती लागतात त्या १९०१ आणि १९११ च्या. म्हणजे या संहितेतील रिकाम्या जागा दोन प्रकारच्या आहेत : काही आपत्तीने निर्माण केलेल्या, तर काही, ही माणसे मोजून झाली, आता त्यांच्या नावांची गरज नाही, अशा प्रशासकीय निश्चिंतीतून आलेल्या. दुसऱ्या प्रकारच्या जागा अधिक बोलक्या आहेत.

जे उरले त्याचीही स्वतःची दृष्टी आहे. १८४७ ते १८६४ या काळात सिद्ध झालेले, ग्रिफिथच्या नावाने ओळखले जाणारे मूल्यांकन करआकारणीसाठी केलेले होते. त्यात जमीन वा घर ज्याच्या ताब्यात होते त्याचे नाव आहे. त्याची बायको, मुले, आश्रयाला राहिलेली बहीण यांचे नाही. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदींत बहुधा आईचे माहेरचे आडनाव आणि धर्मपिता-धर्ममाता यांची नावे आढळतात. हे धर्मपालक पुष्कळदा काका, मावशी, आत्या असेच कोणी असत. एक दस्तऐवज कुटुंबप्रमुखाची उभी रेघ काढतो, तर दुसरा नात्यांचे जाळे विणतो. पूर्वजशोधाचे रूढ कथन पहिल्याची पद्धत स्वीकारते आणि दुसऱ्यातून केवळ बापाचे नाव उचलते. आईच्या माहेरचे आडनाव तळटिपेत जाते, धर्ममाता तर तेथेही पोहोचत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंड सोडणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया, त्यातही तरुण आणि अविवाहित स्त्रिया, होत्या हे ध्यानी घेतले की ही गळती किरकोळ राहत नाही.

३

स्थलांतरितांच्या स्वतःच्या लेखनात काय दिसते? बोस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या ‘मित्रां’च्या शोधाचे सदर चालले. त्यातील चाळीस हजारांच्या आसपास जाहिराती पुढे संकलित होऊन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. येथील ‘मित्र’ या शब्दाने अनभिज्ञ वाचकाची दिशाभूल होते. आयर्लंडच्या इंग्रजी बोलीत तो शब्द रक्ताच्या नातलगालाही लावला जात असे. मराठीत ‘आप्त’ या एका शब्दात विश्वासू आणि नातलग असे दोन्ही अर्थ नांदतात. त्याच्याशी हे साम्य लक्षणीय आहे. जाहिरातीचा साचा ठरलेला असे : शोधल्या जाणाऱ्याचे नाव, परगणा, पॅरिश, अनेकदा खेड्याहूनही लहान असा ‘टाउनलँड’, कोणत्या वर्षी निघाला, शेवटचा कोठे असल्याचे कळले, आणि अखेरीस कोण विचारीत आहे. विचारणारी बहुधा बहीण, भाऊ, पत्नी अथवा आई असे.

या साच्याकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले की दोन गोष्टी जाणवतात. पहिली काळाविषयीची. जाहिरातीचा काळ वर्तमान आहे. शोधला जाणारा जिवंत आहे असे गृहीत धरूनच तिचे वाक्य रचले जाते. तो मेला असेल ही शक्यता वाक्याबाहेर ताटकळत राहते. पूर्वजशोधाच्या कथनात शोधला जाणारा मृत असतो हे ठरलेलेच असते आणि त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा नसते. दुसरी गोष्ट हक्काविषयीची. जाहिरात देणारी बहीण भावावर मालकी सांगत नाही. तो कोठे आहे एवढेच विचारते. वंशज मात्र पूर्वजाला ‘आपला’ करून घेतो.

स्थलांतरितांच्या पत्रांविषयीचा अभ्यासकांमधील मतभेदही याच संदर्भात पाहता येतो. कर्बी मिलर यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात ‘हद्दपारी’ ही आयरिश स्थलांतराची मध्यवर्ती कल्पना मानली : देश सोडणारा स्वेच्छेने गेला तरी स्वतःकडे निर्वासित म्हणून पाहतो, अशी ती मांडणी. डेव्हिड फिट्झपॅट्रिक यांनी १९९४ साली आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील पत्रे संपादित करताना दोन्ही दिशांनी गेलेली पत्रे घेतली आणि त्यांतील अभिवादनाच्या ठरीव शब्दांपासून पैशाच्या हिशेबापर्यंत सारे बारकाईने वाचले. मिलर यांच्या मांडणीत व्यक्ती आणि मायभूमी यांचे नाते प्रधान ठरते. फिट्झपॅट्रिक यांच्या वाचनात माणसामाणसांचे नाते टिकवण्याची धडपड पुढे येते. पहिले रूपक भव्य आहे, आणि म्हणूनच पूर्वजशोधाच्या कथनाने ते सहज उचलले. दुसऱ्या वाचनात भव्यता नाही. तेथे भावाने बहिणीसाठी आगाऊ काढलेले तिकीट आहे, पोहोचल्याचे न आलेले पत्र आहे. लेखनाच्या पोतापाशी पाहिले असता हे दुसरे वाचन अधिक निष्ठावंत वाटते.

४

आयरिश ललित वाङ्मयाने ही आडवी वीण फार आधी ओळखली होती. ब्रायन फ्रील यांच्या १९६४ च्या ‘फिलाडेल्फिया, हिअर आय कम!’ या नाटकात गार ओडॉनेल हा तरुण अमेरिकेस निघण्याच्या आदल्या रात्री रंगभूमीवर येतो. त्याच्या प्रकट आणि अंतर्गत अशा दोन रूपांसाठी फ्रील यांनी दोन नट योजले; ही नाट्ययुक्ती सर्वपरिचित आहे. त्यामागील नात्यांची मांडणी तितकी लक्षात घेतली जात नाही. गारला बोलावणारी त्याची मावशी आहे, निपुत्रिक आणि मायेला आसुसलेली. गार ज्याला सोडून जातो तो त्याचा बाप समोर बसलेला असूनही त्याच्याशी बोलू शकत नाही. गारला बालपणीची एक निळी होडी आठवते. बापाला ती आठवत नाही. बापाला मुलाचा खलाशी पोशाख आठवतो. तसा पोशाख त्याला कधी नव्हताच, असे घर सांभाळणारी मॅज सांगते. वंशाची उभी रेघ एका छताखाली, एका रात्रीत तुटलेली आहे. दोघे जिवंत असताना जी स्मृती जुळत नाही, ती शंभर वर्षांनी दफनभूमीत जुळेल असे मानणारे कथन या नाटकापुढे भाबडे ठरते.

आडव्या नात्यांचे उदात्तीकरण करणे हाही मात्र भाबडेपणाच होईल. कोल्म टोबीन यांच्या ‘ब्रुकलिन’ (२००९) या कादंबरीत आयलिशचे जाणे थोरल्या बहिणीमुळे घडते, आणि परतणेही त्याच बहिणीच्या मृत्यूमुळे. एनिस्कॉर्थीत परतल्यावर ती ब्रुकलिनमधील आपला विवाह लपवते. तो उघडकीस येतो तो गावातल्या दुकानदारीण मिस केलीमुळे. कारण आयलिशची ब्रुकलिनमधील घरमालकीण ही तिची नातलग निघते. जे जाळे परक्या शहरात निवारा देते तेच पाळतही ठेवते. टोबीन यांनी नात्याचे हे दुहेरी रूप कोणताही निवाडा न देता ठेवले आहे. पूर्वजशोधाच्या कथनात या पाळतीला जागा नसते, कारण ज्यांना कोणाला सापडायचेच नव्हते अशा स्थलांतरितांचा विचारच ते करीत नाही.

५

या साऱ्याची कसोटी पाहणारे एक उदाहरण वाङ्मयाबाहेरचे आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस आयलंड हे केंद्र उघडले आणि तेथून प्रथम नोंद झाली ती कॉर्कच्या ॲनी मूर या मुलीची. ‘नेव्हाडा’ जहाजातून ती अँथनी आणि फिलिप या दोन धाकट्या भावांना घेऊन आली होती. आईबाप आधीच न्यूयॉर्कमध्ये होते. पुढे तिचे जे चरित्र प्रचलित झाले त्यात ती पश्चिमेकडे गेली, टेक्सासमध्ये डॅनिएल ओकॉनेल या लोकनेत्याच्या वंशातील पुरुषाशी तिचा विवाह झाला आणि ट्रामखाली सापडून तिचा अंत झाला. या चरित्रात आयरिश राष्ट्रवाद आणि अमेरिकन स्वप्न यांचा अनुरूप संगम होता. टेक्सासमधील त्या स्त्रीच्या वंशजांना समारंभांतून सन्मानही मिळाला.

२००६ साली वंशावळींच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी दाखवून दिले की टेक्सासची ॲनी मूर ही इलिनॉयमध्ये जन्मलेली दुसरीच स्त्री होती. कॉर्कची ॲनी न्यूयॉर्कच्या दाट वस्तीतच राहिली. जर्मन वंशाच्या पुरुषाशी तिने विवाह केला, तिला अनेक मुले झाली, त्यांतील बरीच लहानपणीच दगावली, आणि १९२४ साली ती वारली. तिच्या थडग्यावर नावाची शिळा आली ती २००८ साली. खोटे चरित्र एवढी वर्षे टिकले ते निव्वळ पुराव्याअभावी नव्हे. त्याची रचना वाचकाच्या अपेक्षेला पुरेपूर उतरत होती. आणि खऱ्या ॲनीचा माग लागला तो तिच्या धाकट्या भावामुळे. फिलिपचा नागरिकत्वाचा दाखला, १९३० च्या शिरगणतीत त्याच्यासोबत नोंदलेली मुलगी, आणि त्या मुलीचा मुलगा अशा वळशाने शोध पूर्ण झाला.

शिल्पकार जीन रिनहार्ट यांनी ॲनीचे दोन पुतळे घडवले. कोव्ह बंदरावरच्या पुतळ्यात ती भावांसह उभी आहे; एलिस आयलंडवरच्या पुतळ्यात एकटी. मायदेशाच्या किनाऱ्याने भावंडे पाहिली, पलीकडच्या किनाऱ्याने एकटी नायिका पाहिली. शोधाचा धागा मात्र पहिल्या पुतळ्यात होता.

६

यावर असा आक्षेप संभवतो की वंशवृक्ष हे केवळ मांडणीचे साधन आहे. त्यावर कथनाचे दोष का लादावेत? शिवाय ज्यांची गावे, भाषा आणि नावे हिरावली गेली त्यांच्या वंशजांना मुळाची ओढ वाटली तर तिची चिकित्सा करणे निष्ठुरपणाचे नाही काय? आक्षेपाचा दुसरा भाग गंभीर आहे. ओढ खरी आहे, आणि तिच्यामुळेच कितीतरी कागद वाचले गेले. २०१५ साली कॅथलिक पॅरिश नोंदवह्यांच्या प्रतिमा सर्वांना खुल्या झाल्या. २०२२ साली, आगीच्या शताब्दीनिमित्त, जळालेल्या अभिलेखागाराची इतरत्र उरलेल्या प्रतींवरून संगणकीय पुनर्रचना सुरू झाली. तथापि साधन निरागस नसते. फूको यांनी १९७१ च्या नीत्शेवरील निबंधात वंशविचार आणि उगमाचा शोध यांत भेद केला : आरंभापाशी अखंड अस्मिता सापडत नाही, सापडते ती विसंगती आणि पांगापांग. आयरिश पूर्वजशोध आपल्या साधनांशी प्रामाणिक राहिला तर तो याच निष्कर्षाला पोहोचतो. जनुकीय चाचणीचेही तसेच आहे. पूर्वजाच्या आशेने ती करणाऱ्याच्या हाती प्रथम पडते ती हयात असलेल्या दूरच्या चुलत-मावस भावंडांची यादी.

म्हणजे साधने पुन्हा आडव्या दिशेकडेच बोट दाखवतात. अडथळा असतो तो कथनाच्या सवयीचा. ही सवय मोडायची तर ‘मी कोणाचा?’ या प्रश्नाआधी ‘तिच्यासोबत कोण होते?’ हा प्रश्न विचारावा लागेल. बोस्टनच्या वृत्तपत्रात पैसे मोजून चार ओळी छापणाऱ्या बहिणीचा प्रश्न याच जातीचा होता. तिला मूळपुरुष नको होता, भावाचा ठावठिकाणा हवा होता. तिच्या त्या ओळी वाचताना वंशजाने तिच्या प्रश्नावर आपले उत्तर लादू नये, एवढी अपेक्षा या वाङ्मयप्रकाराकडून करणे अवाजवी नाही.