परमुलखीचे यश आणि स्वभूमीचा स्वर

एखाद्या कलेला परक्या मुलखात दाद मिळाली नाही, म्हणजे तिच्यातच काही उणे असले पाहिजे, असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील ब्रिटिश रॉक-संगीताविषयी लिहिताना या घाईचा प्रत्यय वारंवार येतो. ब्लर, स्वेड यांसारख्या बँडांना अमेरिका का जिंकता आली नाही, या प्रश्नाला ‘ग्रंजच्या लाटेपुढे ते टिकले नाहीत’ असे ठराविक उत्तर दिले जाते. हे उत्तर अर्धेच खरे आहे, असे आमचे मत आहे.

लाट मोठी होती, यात शंका नाही. सिअ‍ॅटलच्या परिसरात वाढलेल्या या संगीतात गिटारीचा खरखरीत, मुद्दाम विस्कटलेला नाद आणि अंतर्मुख उद्विग्नता यांचा मिलाफ होता. निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’ने जानेवारी १९९२ मध्ये मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अग्रस्थानावरून खाली ओढले, तेव्हा अमेरिकन तरुणांची अभिरुची कोणीकडे वळली आहे ते उघड झाले. एप्रिल १९६४ मध्ये त्याच देशाच्या गीतांच्या यादीतील पहिली पाचही स्थाने बीटल्सने व्यापली होती. त्या स्मृतीवर पोसलेल्या ब्रिटिश संगीतव्यवसायास हा पालट झोंबला, तर नवल नाही.

१९९२ मध्येच ब्लर अमेरिकेचा दौरा करीत होता. ढिसाळ कारभारामुळे अंगावर आलेले सुमारे ६०,००० पौंडांचे कर्ज फेडणे हा दौऱ्याचा हेतू. श्रोते मात्र उदासीन. या वनवासात डेमन अल्बर्नच्या मनात इंग्लंडची ओढ आणि अमेरिकेविषयीची अढी एकदमच वाढली, व त्यांतून ‘मॉडर्न लाइफ इज रबिश’ (१९९३) आणि ‘पार्कलाइफ’ (१९९४) हे संग्रह जन्मास आले. ‘पार्कलाइफ’च्या शीर्षकगीतात फिल डॅनियल्स हा नट लंडनच्या सामान्य माणसाच्या बोलीत बोलतो. त्या बोलण्यातील खोच ती बोली कानावरून गेलेल्यालाच पुरती उमगते. मायदेशी हा संग्रह अग्रस्थानी गेला; अमेरिकेत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. स्वेडचा पहिला संग्रह १९९३ च्या मर्क्युरी पारितोषिकाचा मानकरी ठरला. परंतु अमेरिकेत ते नाव आधीच एका गायिकेचे असल्याने त्यांना ‘लंडन स्वेड’ हे नाव धारण करावे लागले.

याउलट लंडनचाच बुश हा बँड घ्या. ‘सिक्स्टीन स्टोन’ (१९९४) या त्याच्या संग्रहाच्या साठ लाख प्रती अमेरिकेत खपल्या. पुढचा संग्रह त्यांनी स्टीव्ह अल्बिनी याच्याकडून मुद्रित करून घेतला. निर्वाणाचा ‘इन युटेरो’ मुद्रित करणारा तो हाच. तो संग्रह १९९६ मध्ये अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचला. घरच्या समीक्षकांनी मात्र अनुकरणाचा ठपका ठेवून त्यांस दूर लोटले. पुढे १९९७ मध्ये ब्लरचे जे गीत अमेरिकेत गाजले, ते ‘साँग टू’ हे जेमतेम दोन मिनिटांचे, ग्रंजची थट्टा मानले गेलेले गीत! थट्टाच खरी मानून तिथल्या क्रीडांगणांनी ती डोक्यावर घेतली.

मग परक्या स्वरात गाणे हाच यशाचा मार्ग काय? ओएसिसचे उदाहरण या निष्कर्षाच्या आड येते. त्यांच्या ‘वंडरवॉल’ने १९९६ मध्ये अमेरिकेत आठवे स्थान मिळविले आणि गाणाऱ्याचा मँचेस्टरी उच्चार त्याच्या आड आला नाही. परंतु त्या गीतात ना गावाचे नाव, ना कोणा ठरावीक माणसाचे चित्र. केवळ एक व्याकुळ आर्जव आहे. उच्चार प्रवास करतो. संदर्भाचे ओझे मात्र सीमेवर अडते. शिवाय अमेरिका हा गावोगाव महिनोन्‌महिने हिंडूनच वश होणारा अवाढव्य देश. १९९६ चा दौरा आपापसांतील भांडणापायी अर्ध्यावर टाकणाऱ्या ओएसिसने त्या यशाचे पीक पुरते कापलेच नाही.

या साऱ्याचा अर्थ लावताना आम्हांस द किंक्सची आठवण होते. १९६५ ते १९६९ या काळात त्यांस अमेरिकेत कार्यक्रम करण्यास मज्जाव होता. त्याच काळात रे डेव्हिसने ‘व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी’ (१९६८) हा अस्सल इंग्लिश मातीचा संग्रह रचला. तो तेव्हा दोन्ही देशांत पडला. आज त्याची गणना त्या बँडच्या श्रेष्ठ कृतींत होते.

बृहन्महाराष्ट्रात राहून मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या आम्हांला हा प्रश्न परका वाटत नाही. आपल्या बोलीतला जो शब्द शेजाऱ्यास समजावून सांगता येत नाही, तो गाळावा काय, हा पेच आम्हीही रोज अनुभवतो. तो शब्द गाळल्यास श्रोते वाढतील. पण गेलेल्या शब्दाबरोबर माणूसही जाईल. मात्र बोलीचा अभिमान परद्वेषावर पोसला, तर त्याचे कुंपण होते. अल्बर्नच्या त्या काळच्या अमेरिकाद्वेषात हा दोष आहेच. तो वजा करूनही आमचा कौल ‘पार्कलाइफ’लाच आहे. साठ लाख प्रतींनी बुशची लोकप्रियता सिद्ध होते. त्या संग्रहात लंडन कोठे आहे, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो.