सिराज यांचा मक्ता गाळू नका

सिराज औरंगाबादी 1763 मध्ये याच शहरात वारले. त्यांच्या शब्दांवर आज कुणाचाही मालकी हक्क नाही. 'ख़बर-ए-तहय्युर-ए-इश्क़' कुणीही गावी. आबिदा परवीन यांनी गायली, अलीकडे अली सेठी यांनीही गायली. नव्या चालीला, नव्या वाद्यांना आमचा विरोध नाही. ही गझल बहर-ए-कामिलमध्ये आहे, 'मुतफ़ाइलुन' चार वेळा. वर्गात टेबलावर ठेका धरला की मुलांना ती लय आपोआप सापडते. आबिदा परवीन ओळ ताणतात, शब्द परत परत घेतात, तरी ती लय हरवत नाही. कारण उच्चार शाबूत आहे. काही हौशी गायक मात्र 'ख़बर'चा ख़े आणि 'इश्क़'चा क़ाफ़ दोन्ही गिळतात. मग उरते ती नुसती चाल.

आमची खरी तक्रार मक्त्याची आहे. वेळेअभावी चार शेर गाळले, चालायचेच. पण मक्त्यात शायराचे नाव असते. ही गझल मोबाइलवर ऐकणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याने ती बेधडक पाकिस्तानी शायराची ठरवली. आणि राहतो कुठे, तर सिराज यांच्याच गावात! 2023 मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. शायरांच्या नावात मात्र 'औरंगाबादी' राहणारच. मक्ता कानावर पडला असता, तर 'सर, हे सिराज कोण?' एवढे तरी त्याने विचारले असते.