गाडगे आणि भिक्षापात्र : सवी सावरकर यांची चित्रे

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातील एका अभ्यासवर्गात आम्ही चित्रकार सवी सावरकर यांच्या काही चित्रांच्या छापील प्रती उपासक-उपासिकांसमोर मांडल्या होत्या. गळ्यात गाडगे व सोबत केरसुणी असलेल्या त्या मानवाकृती पाहून एका वृद्ध उपासिकेने विचारले, "सर, बाबासाहेबांनी हे गाडगं आमच्या गळ्यातून उतरवलं. तुम्ही ते पुन्हा भिंतीवर कशाला टांगता?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

सावरकरांचा जन्म नागपूरचा, १९६१ सालचा. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पाच वर्षांनी. नागपूर व बडोदे येथे शिकून पुढे त्यांनी दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन केले. चित्रकलेबरोबरच मुद्राचित्रण, म्हणजे पत्र्यावर रेषा कोरून कागदावर ठसा घेणे, हेही त्यांचे क्षेत्र आहे. त्यांच्या रेषेतील जाड, खरखरीत जोर या शिस्तीतून आला असावा.

त्यांनी रेखाटलेले गाडगे कल्पनेतले नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांवर लादलेल्या या सक्तीचा उल्लेख बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये केला आहे : थुंकी भूमीवर पडू नये म्हणून गाडगे, पाऊलखुणा पुसल्या जाव्यात म्हणून केरसुणी. ग्रंथात हे वाचून डोळा पुढच्या ओळीकडे वळतो. सावरकरांचे चित्र त्याला तेथेच थांबविते. हे त्यांचे मोठे सामर्थ्य होय.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. भगवंतांनी भिक्खूंना लोखंडाचे व मातीचे अशा दोन पात्रांची अनुज्ञा दिल्याचे विनयपिटक सांगते. माती तीच. एका व्यवस्थेने तिचे गाडगे करून माणसाच्या गळ्यात अडकविले. संघाने तिचेच पात्र करून त्याच्या हाती दिले. थेरगाथेतील सुनीत थेर हे पूर्वी कोमेजलेली फुले झाडून उचलणारे. भगवंतांना पाहताच खांद्यावरील कावड टाकून ते वंदनेस गेले आणि भिक्खू झाले. ती कावड खाली ठेवण्याचे मोल तिचे ओझे ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळेल. दुःखसत्य डोळ्यांआड करून निरोधाची भाषा बोलता येत नाही, हे आमचे उत्तर आहे.

तथापि आमचा एक आक्षेपही आहे. संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गात चित्रकाराची उपमा येते. घोटलेल्या फळीवर वा भिंतीवर तो जशी सर्वांगपूर्ण आकृती काढतो, तसा धम्म न ऐकलेला माणूस पुनःपुन्हा तेच रूप, तीच वेदना निर्माण करीत राहतो. सावरकरांची चित्रे एकामागून एक पाहताना हा इशारा आठवतो. काही ठिकाणी गाडगे केवळ चिन्ह होऊन बसते आणि ते वाहणाऱ्या माणसाचा स्वतःचा चेहरा मागे पडतो. ज्याला नाव नव्हते त्याला निदान चित्रात तरी चेहरा मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

विहारात शांत बुद्धप्रतिमाच असावी. परंतु शेजारच्या ज्या खोलीत मुले रेखाटन शिकतात, तेथे सावरकरांचे एखादे चित्र अवश्य लावावे. आपल्या पूर्वजांच्या गळ्यातून काय उतरले, हे त्या मुलांना अन्यथा कोण दाखविणार?