स्लुत्स्कचा कमरबंद : नाव, लेख आणि मूळस्थान

एखादा जुना, अलंकृत आणि परिचित प्रकारांत न बसणारा कमरपट्टा संग्रहात आला, म्हणजे त्याचे मूळस्थान ठरविताना अभ्यासक सामान्यतः तीन गोष्टींचा आधार घेतात : त्यावरील नक्षी, त्याला रूढ असलेले नाव आणि त्यावर काही अक्षरे असल्यास तो लेख. या तिन्ही साधनांचे प्रामाण्य सारखे नाही; शिवाय प्रत्येक साधन वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असते. हा भेद न पाळल्यामुळे किती गोंधळ होतो, हे अठराव्या शतकातील स्लुत्स्कच्या कमरबंदाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

स्लुत्स्क हे नगर आज बेलारूसमध्ये आहे. त्या काळी ते पोलंड-लिथुएनियाच्या संयुक्त राज्यात, राजिविव या सरदार घराण्याच्या जहागिरीत मोडत असे. येथे विणला जाणारा कमरबंद म्हणजे वस्तुतः रेशमाचा व जरीचा लांबलचक शेला होय. त्याची लांबी २ ते ४.५ मीटर असे. उमराव लोक कोंतुश नावाच्या अंगरख्यावरून तो कमरेस गुंडाळीत. मधल्या अंगावर आडवे पट्टे, दोहों बाजूंस अरुंद काठ आणि दोन्ही टोकांच्या पदरांवर फुलांची झाडे, अशी त्याची मांडणी असते. उत्तम प्रतीच्या कमरबंदास उलटी बाजू नसते. दोन्ही बाजू सुलट, आणि प्रत्येक बाजू लांबीच्या दिशेने दोन रंगांत विभागलेली. त्यामुळे उभी घडी घालून एकच वस्त्र चार प्रकारे नेसता येई : मंगल प्रसंगी उजळ रंग वर, शोकप्रसंगी काळा.

प्रथम नाव घेऊ. असे कमरबंद विणणाऱ्या कारखान्यास पोलिश भाषेत ‘पेर्स्यार्न्या’ म्हणत. शब्दशः अर्थ घेतला तर ‘इराणी वस्तूंचा कारखाना’. या नावावरून कमरबंद इराणी ठरविणारा अभ्यासक चुकेल, आणि नाव निराधार म्हणून टाकून देणाराही चुकेल. पोलिश उमराव स्वतःस प्राचीन सार्मेशियनांचे वंशज मानीत व पौर्वात्य वेष मिरवीत. इराण व तुर्कस्तानातून येणारे शेले ते मोठ्या किमतीस विकत घेत. मागणी वाढल्यावर तसाच माल देशात विणला जाऊ लागला आणि आयात वस्तूचे विशेषण देशी कारखान्यास चिकटले. अर्थात् हे नाव मूळ आदर्श कोणता ते सांगते. माग कोठे होता, ते सांगत नाही.

उलट दिशेचा पुरावा ‘पास’ या शब्दात आहे. कमरपट्ट्यास पोलिशमध्ये ‘पास’ व बेलारूशीत ‘पोयास’ म्हणतात. हा शब्द उसना नसून स्लाव भाषांचा स्वतःचा आहे. लिथुएनियन ‘युओस्ता’, ग्रीक ‘झोने’ आणि अवेस्तातील ‘यास्त’ हे त्याचेच दूरचे आप्त होत. म्हणजे वस्तूचा आदर्श परका, पण वस्तूवाचक शब्द मात्र अतिप्राचीन वारशाचा. शब्दाच्या वंशावळीवरून वस्तूची वंशावळ काढणे किती धोक्याचे आहे, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

आता लेख. पदरांच्या कोपऱ्यांत कारखान्याची खूण विणण्याची प्रथा होती. स्लुत्स्कच्या कमरबंदांवर कधी केवळ नगराचे नाव, तर कधी ‘मे फेत्सित स्लुत्सिए’ हे लॅटिन वाक्य आढळते. त्याचा अर्थ, ‘त्याने मला स्लुत्स्कमध्ये केले’. येथे वस्तूच प्रथमपुरुषात बोलते आणि स्थळ अधिकरणार्थी रूपात येते. १७९३ मध्ये पोलंडची दुसरी फाळणी होऊन हा प्रदेश रशियाकडे गेला. त्यानंतरच्या कमरबंदांवर ‘स्लुत्स्क नगरात’ या अर्थाचे शब्द सिरिलिक लिपीत विणलेले दिसतात. कारखाना तोच असूनही भाषा व लिपी बदलली. तेव्हा लिपी ही विणणाऱ्याच्या मातृभाषेची साक्ष नसून सत्तेची व बाजारपेठेची साक्ष आहे. कालनिर्णयासाठी तिचे मोल मोठे आहे. वंशनिर्णयासाठी ते जवळजवळ शून्य होय.

हे विधान कारखान्याच्या चालकांच्या बाबतीत विशेषच खरे ठरते. स्लुत्स्कच्या कारखान्याची घडी बसविणारा यान माजार्स्की हा इस्तंबूलहून आलेला अर्मेनियन, मूळ नाव होव्हान्नेस. त्याच्यामागून त्याचा पुत्र लेओन याने काम चालविले. वॉर्सानजीक लिप्कूव्ह येथे कारखाना काढणारा पास्खालिस याकुबोविच हाही अनातोलियातील तोकातचा अर्मेनियनच. त्याच्या कमरबंदांवर आद्याक्षरांसह कोकराची आकृती येते. ‘पास्खालिस’ या नावाचा ‘पास्खा’ या सणाशी असलेला संबंध आणि त्या सणाचे पवित्र कोकरू, यांवर साधलेली ही चित्रमय कोटी आहे. अर्मेनियन कारागीर, इराणी आदर्श, पोलिश गिऱ्हाईक व लॅटिन लेख असे हे मिश्रण होते. ‘मूळ कोणाचे?’ या प्रश्नास एका शब्दात उत्तर देण्याचा हट्ट येथे टिकत नाही.

लेखालाही मर्यादा आहेत. कोबिल्का, क्राकूव्ह इत्यादी ठिकाणचे कारखाने एकमेकांच्या धर्तीचे नमुने विणीत. पुढे अनेक कमरबंद कापून चर्चमधील धर्मगुरूंची वस्त्रे शिवली गेली. कापताना कोपरे गेले, की खूणही गेली. म्हणून खूण नसलेला तुकडा स्लुत्स्कचा नव्हेच, असा निर्णय देता येत नाही. अशा वेळी विणीची पद्धत, पदराची मांडणी व काठाची नक्षी एकत्र ताडून पाहावी लागते.

या वादात एका कवितेचाही मोठा वाटा आहे. माक्सीम बाग्दानोविच (१८९१–१९१७) या बेलारूशी कवीच्या ‘वियानोक’ या १९१३ च्या संग्रहात स्लुत्स्कच्या विणकर स्त्रियांवरील प्रसिद्ध कविता आहे. जमीनदाराच्या वाड्यावर विणकामास आणलेली एक स्त्री, गावाकडील शेताच्या आठवणीत हरवून, इराणी नक्षीऐवजी आपल्या मातीतले निळे रानफूल विणून जाते, असा तिचा आशय. इतिहास म्हणून ही कविता ग्राह्य नाही, कारण स्लुत्स्कच्या कारखान्यात मागावर पुरुष बसत. शिवाय नक्षीतील बदल हा विसराळू हाताचा नव्हता. तो जाणत्या आखणीचा परिणाम होता.

तथापि एवढ्यावरून कविता खोटी ठरविणे हे समीक्षेचे अपुरे काम होय. परका आदर्श परक्या भूमीत वारंवार विणला गेला की तो हळूहळू तिथला होतो, ही प्रक्रिया कवीने अचूक हेरली आहे; स्लुत्स्कच्या पदरांवर स्थानिक रानफुले खरोखरीच येतात. दीर्घ काळाच्या या बदलाला त्याने एका स्त्रीच्या एका क्षणाचे रूप दिले. त्याचा परिणामही लहान नाही. पोलंडमध्ये उमरावी वेषाचा अवशेष म्हणून जतन झालेली ही वस्तू बेलारूसमध्ये राष्ट्रचिन्ह मानली गेली, आणि २०१२ मध्ये तिच्या पुनरुज्जीवनासाठी शासकीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. ‘वस्तू कोठे विणली गेली?’ याचे उत्तर कविता देऊ शकत नाही. ‘ती आज कोणास आपली वाटते, आणि का?’ याचे उत्तर मात्र तिला वगळून देता येत नाही.

मराठीच्या अभ्यासकास यातून घेण्यासारखे आहे ते असे. ‘कंबर’ हा शब्द फार्सी ‘कमर’पासून आला आणि ‘कमरबंद’ तर सबंधच फार्सी आहे. परंतु यावरून येथे कमरेचे अलंकार इराणातून आले असे कोणी म्हणू लागल्यास ‘मेखला’ व ‘रशना’ हे संस्कृत शब्द आणि प्राचीन शिल्पांतील कटिभूषणे त्यास तत्काळ अडवतील. नाव आदर्शाचे किंवा संपर्काचे सूचक असते, लेख स्थळाचा व काळाचा, वीण कौशल्याच्या परंपरेची, आणि साहित्य वस्तूच्या मालकीच्या भावनेचे. या चार साक्षी स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि जेथे त्या परस्परांशी जुळत नाहीत तेथे ती विसंगती पुसून न टाकता नोंदवावी. स्लुत्स्कच्या कमरबंदाचा खरा इतिहास त्या विसंगतीतच सापडतो.